बॅगेत काय आहे, हे कोणाला ठाऊक?

पटकथेच्या वर्गात एका मुलीनं आपला दोन पानी भयप्रसंग वाचायला घेतला. जुना वाडा, रात्रीचे साडेबारा, वीज गेलेली, माजघराच्या दाराची करकर. नायिका मेणबत्ती घेऊन जिन्याशी येते आणि विचारते, ‘कोण आहे?’ इथे मागच्या बाकावर कोणीतरी फिस्सकन हसलं आणि मग सगळा वर्ग हसला. वाचणारी थांबली, चष्मा वर सरकवला आणि उरलेलं दीड पान तिनं सपाट आवाजात वाचून टाकलं. लिहिण्यात म्हणाल तर काही वावगं नव्हतं. वाक्यं छोटी होती, आवाज जागच्या जागी होते, मेणबत्तीचं मेण बोटावर सांडतं हा बारकावा तर सुरेखच होता. तरी हसू आलं, आणि तेही बरोब्बर त्या दोन शब्दांवर. त्याआधी नाही, नंतरही नाही.

‘करकरणारं दार फार वापरून झालंय’ असं उत्तर वर्गात लगेच मिळालं. ते अर्धंच खरं आहे. पावसात भिजलेली पहिली भेट त्याहून कितीतरी जास्त वेळा वापरून झालीय, तिच्यावर कोणी हसत नाही. गावातल्या पंचायतीच्या पारावर उभी राहून नायकाची आई पदर पसरते, हेही जुनंच, आणि तिथे आजही घशात आवंढा येतो. जुनेपणानं कंटाळा येतो; हसू यायला आणखी काहीतरी लागतं. ते काय, हे शोधताना चित्रपटांच्या प्रकारांकडे जरा वेगळं पाहावं लागतं. एरवी आपण प्रकार ओळखतो ते सामानावरून. वाडा दिसला की भयपट, पिस्तूल दिसलं की थरारपट, फेटा आणि ढोलकी दिसली की तमाशापट. लिहिणाऱ्याला या सामानाचा फारसा उपयोग नाही. ते कलादिग्दर्शक आणून देतो. लिहिणाऱ्याच्या हातात असते ती माहिती: कुणाला काय कळलंय, आणि कधी.

‘कोण आहे?’ म्हणेपर्यंत त्या नायिकेला एकही गोष्ट माहीत नव्हती. आम्हाला मात्र सगळं माहीत होतं, कारण वाचायच्या आधीच ‘भयप्रसंग’ असं जाहीर झालं होतं. आम्ही दोन पावलं पुढे आणि ती बिचारी मागे. पात्र मागे आणि प्रेक्षक पुढे, ही तर विनोदाची बैठक.

एक सराव करून पाहण्यासारखा आहे. घटना एकच ठेवायची. तालुक्याचं एसटी स्टँड, रात्रीचे पावणेअकरा. शेवटची मुक्कामी गाडी निघून गेलीय. बाकावर एक बाई, पहाटे पाचच्या गाडीची वाट पाहत. शेजारी बसलेला माणूस म्हणतो, ‘ताई, जरा बॅगेकडं बघता का, पाणी पिऊन येतो.’ जातो, आणि येत नाही. एवढंच. आता हाच प्रसंग दोन-दोन पानांत पाच वेळा लिहायचा, घटनेत एका अक्षराचाही बदल न करता.

रहस्यपट लिहायचा तर कॅमेरा बाईजवळून हलवायचा नाही. तिला जे दिसतं तेवढंच आपल्याला. माणसाच्या बुटांना लाल माती, हातात घड्याळाचा पांढरा पट्टा उमटलेला पण घड्याळ नाही. हे तिनं पाहायचं, त्यावर काही बोलायचं नाही. बॅग बंदच राहते. थरारपट लिहायचा तर पहिल्या अर्ध्या पानातच कॅमेरा बाईला सोडून नळाकडे गेला पाहिजे. तिथे माणसाला दोन पोलीस दिसतात, तो कँटीनच्या मागून सटकतो. बाई बॅग मांडीवर घेऊन निवांत शेंगा सोलतेय. आपल्याला घाम फुटतो तो तिच्या निवांतपणामुळे. विनोदी करायचा तर बॅगेत काय आहे ते सहाव्या-सातव्या ओळीच्या आत दाखवायलाच हवं: जिवंत कोंबडा. आणि बाईच्या गळ्यात तुळशीची माळ. पुढचं लिहायला त्रास होत नाही, कोंबडा योग्य वेळी आवाज करतो, बाई खोकते, कंट्रोलर झोपेतून डोकं वर काढतो. भयपटात बॅगेआधी नियम यावा लागतो. झाडूवाला जाता जाता सांगून जातो की या बाकावर रात्री कोणी काही ठेवायला दिलं तर हातात घेऊ नका, खाली ठेवा म्हणा. बाईनं बॅग मांडीवर घेतलेली असते. आणि पाचवा, ज्याला आपण वास्तववादी म्हणतो, त्यात बॅग उघडलीच तर त्यात दोन शर्ट आणि औषधांच्या गोळ्या असतात. माणूस का आला नाही हे कोणालाच कळत नाही. पाचची गाडी लागते. कंट्रोलर म्हणतो, आमची जबाबदारी नाही. चौकीत दिली तर तासभर प्रश्न, आणि गाडी चुकणार. बाई काय करते, एवढाच प्रसंग.

पाचही मसुदे शेजारी ठेवले की एक गोष्ट लगेच दिसते. रहस्यात प्रेक्षक मागे आहे, थरारात आणि विनोदात पुढे आहे, भयात तो पात्राच्या जवळजवळ बरोबर चाललाय, आणि शेवटच्यात कोणालाच पुढचं माहीत नाही, लिहिणाऱ्यालासुद्धा नाही की काय अशी शंका यावी. नवशिक्यांचे मसुदे फसतात ते बहुतेक एकाच ठिकाणी. सगळ्यांना सगळं लपवायचं असतं. शेवटी धक्का द्यायचा म्हणून दीड पान बॅग बंद ठेवायची, आणि मग ती उघडून कोंबडा काढायचा. विनोद तिथे मरतो. हशा एकच मिळतो, तोही शेवटी. पहिल्या पानावर कोंबडा दाखवला असता तर सहा मिळाले असते.

पण मग थरार आणि विनोद दोन्हींत प्रेक्षक पुढेच, तर एकात घाम आणि दुसऱ्यात हसू, असं का?

याचं उत्तर शोधायला दोन मराठी चित्रपट शेजारी ठेवावेत, जे कोणी सहसा शेजारी ठेवत नाही. ‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८) आणि ‘पिंजरा’ (१९७२). पहिल्याचं मूळ ‘बीवी और मकान’ या हिंदी चित्रपटात, दुसऱ्याचं ‘द ब्लू एंजल’ या १९३०च्या जर्मन चित्रपटात; पण दोन्ही इथल्या मातीत इतके मुरले की मूळ कोणाला आठवतही नाही. दोन्ही सोंगाच्या कथा आहेत. एकात परशुराम पार्वती होतो आणि सुधीर सुधा. दुसऱ्यात मास्तर मेला असं गाव समजतं, त्याची पूजा करतं, आणि वेगळ्याच अवतारात जगणाऱ्या त्या मास्तरावर शेवटी मास्तराच्याच खुनाचा आरोप येतो. माहितीची मांडणी तंतोतंत सारखी आहे. प्रेक्षकाला खरं ठाऊक, पडद्यावरच्या जगाला नाही, आणि सोंग घेणारा दोघांच्या मधे अडकलेला. ‘पिंजरा’ची ही कल्पना कागदावर एका ओळीत लिहिली, ‘स्वतःच्याच खुनासाठी पकडलेला माणूस’, तर ती फार्सची वाटते. ‘बनवाबनवी’ लिहिणाऱ्या वसंत सबनिसांच्या हाती पडती तर त्यांनी तिचा फार्स केलाही असता, आणि बहारदार केला असता.

फरक आहे तो किमतीचा. सोंग उघडं पडलं तर काय जाईल? घरमालकीण लीलाबाई काळभोरांना खरं कळलं तर चौघांची खोली जाईल. पुण्यात भाड्यानं खोली मिळवणं सोपं नाही हे मान्य, पण खोलीच ती. मास्तरानं तोंड उघडलं तर गावानं ज्याच्यावर विश्वास ठेवून दारू सोडली, पोरं शाळेत घातली, तो आदर्शच कोसळेल. म्हणून तो गप्प राहतो आणि फास स्वीकारतो. सबनिसांनी किंमत मुद्दाम खोलीएवढीच राखलीय, हे त्या पटकथेचं खरं कसब. मधेच घरमालकिणीला हृदयविकाराचा झटका आणला असता, पोलीस केस केली असती, तर हशे निम्म्यावर आले असते. आजच्या पुष्कळ विनोदी पटकथा इंटरव्हलनंतर पडतात त्या याच कारणानं. लेखकाला वाटतं आता ‘स्टेक्स’ वाढवले पाहिजेत, तो अपहरण आणतो, पिस्तूल आणतो, आणि प्रेक्षक हसायचा थांबतो. त्याचा दोष नाही. त्याला आता काळजी वाटायला लागलेली असते.

तर दोन प्रश्न झाले. कुणाला काय माहीत आहे, आणि ते फुटलं तर काय जाईल. वाड्यातल्या त्या नायिकेचं काय जाणार होतं? आम्हाला तिचं नावसुद्धा नीट कळलं नव्हतं. दीड ओळीपूर्वी भेटलेली बाई, हातात मेणबत्ती. तिचा जीव जाईल हे खरं, पण कागदावर जीव फार स्वस्त असतो. वरच्या खोलीत तिचं तापानं फणफणलेलं मूल झोपलंय आणि करकर त्या दाराची आहे, एवढं आधी आलं असतं तर तेच ‘कोण आहे?’ वर्गानं मुकाट ऐकलं असतं. आणि खरं सांगायचं तर अशी आई ‘कोण आहे?’ विचारतच नाही. ती मुलाचं नाव घेऊन हाक मारते. दोन शब्दांच्या जागी एक शब्द येतो आणि प्रसंग उभा राहतो.

भयाला आणखी एक गोष्ट लागते, ती म्हणजे नियम. भूत काहीही करू शकत असेल तर त्याची भीती वाटत नाही, नुसता वैताग येतो. ‘तुंबाड’ (२०१८) हिंदीत असला तरी त्याचा वाडा, पाऊस आणि हाव कोकणातली आहे, आणि त्याची नियमांची शिस्त अभ्यासण्यासारखी. हस्तर हा त्यातला शापित देव. त्याला सोनं मिळालं, धान्य मिळालं नाही, म्हणून तो पिठाला हपापलेला. पिठाचं रिंगण आखलं की तो आत येत नाही. कणकेची बाहुली पुढे केली की तो तिच्यावर तुटून पडतो, तेवढ्या वेळात त्याच्या लंगोटातून नाणी काढायची. हे तिन्ही नियम आपल्याला आधी पाठ करून दिले जातात, एकदा-दोनदा यशस्वी होताना दाखवले जातात, आणि मग मुलगा सुचवतो: एकीच्या ऐवजी पुष्कळ बाहुल्या नेल्या तर? नियम मोडलेला नाही, फक्त गुणाकार केलाय. जितक्या बाहुल्या तितके हस्तर. नवीन भूत आणायची गरजच पडली नाही. बहुतेक होतकरू भयपटकार इथे उलटं करतात. तिसऱ्या अंकात त्यांना नवी शक्ती, नवा मांत्रिक, नवा शाप सुचतो आणि प्रेक्षकाचा हात सुटतो.

पटकथेच्या इंग्रजी पाठ्यपुस्तकांत हे सगळं तीन अंकांच्या आराखड्यावर बसवून शिकवतात: पहिला अंक तीस पानं, दुसरा साठ, तिसरा तीस. आराखडा वाईट नाही. त्याच्यात इंटरव्हल नाही, ही त्याची अडचण. आपल्याकडे चित्रपट मध्यावर तुटतो, दिवे लागतात, लोक वडा खातात आणि पंधरा मिनिटं पुढे काय होणार यावर बोलतात. ती पंधरा मिनिटं पटकथेचा भाग धरून लिहावी लागतात. गंमत अशी की याचा नमुना आपल्याकडे आधीपासून आहे. नारदीय कीर्तनात पूर्वरंगात बुवा अभंग घेऊन तत्त्व मांडतात, मधे त्यांना हार-बुक्का होतो, आणि उत्तररंगात त्याच तत्त्वाचं आख्यान लागतं. पहिल्या अर्ध्यात म्हणणं, दुसऱ्या अर्ध्यात त्याचा कस. तमाशात गण, गौळण, बतावणी आणि मग वग. वगातला सोंगाड्या राजाशी बोलता बोलता प्रेक्षकांकडे वळतो आणि राजाला माहीत नसलेलं सांगून टाकतो. माहितीची दरी तयार करायचं इतकं सुटसुटीत यंत्र दुसरं नाही. पडद्यावर प्रेक्षकांशी थेट बोलणं गेलं, पण सोंगाड्या गेला नाही, तो नायकाचा मित्र झाला. बतावणीवर खदखदून हसलेला माणूस तासाभरानं त्याच जागी बसून वगात रडत असे, आणि त्यात त्याला काही विसंगत वाटत नसे. ‘एकच सूर धरा’ हा पाठ्यपुस्तकी सल्ला आपल्या प्रेक्षकाला फारसा लागू नाही, असं माझं मत आहे. ‘सांगत्ये ऐका’ पुण्यात १३१ आठवडे चालला. त्याच्या एका तिकिटात लावणी, विनोद, सूड आणि अश्रू, सगळं होतं.

मात्र सूर बदलायचा तर बदलाचं बी आधी पेरलेलं हवं. ‘सैराट’चा (२०१६) पहिला अर्धा भाग गाण्यांचा, विहिरीचा, उसाच्या फडाचा. दुसरा हैदराबादेतला, डोशाच्या गाडीचा, पत्र्याच्या खोलीचा. लय इतकी उतरते की पहिल्यांदा पाहताना पुष्कळांना वाटलं, चित्रपट रेंगाळतोय. पण शेवटी जे होतं ते आकाशातून पडत नाही. आर्चीचा भाऊ भर वर्गात नव्या शिक्षकाच्या कानशिलात लगावतो, तो प्रसंग पहिल्या अर्ध्यातच आहे. आणि घरी त्याचं कौतुक होतं. किंमत तिथेच सांगून झालीय. आपण गाण्यांच्या नादात ती विसरलो, एवढंच.

याच्या उलट टोकाला संतपट. शेवट सगळ्यांना पाठ, लपवायला काहीच नाही. प्रभातच्या ‘संत तुकाराम’मध्ये (१९३६) तुकोबा वैकुंठाला जाणार हे तिकीट काढतानाच ठाऊक असतं. मग तीन पैशांचं कुतूहल तरी कुठून आणायचं? शिवराम वाशीकरांच्या पटकथेत ते आवलीकडून आलं. घरात दाणा नाही, पोर आजारी, आणि ही बाई थेट विठ्ठलाशी भांडायला निघते. तुकोबांचं काय होणार हे माहीत असतं. आवलीचं काय होणार, हे मात्र आपण कधी विचारलेलंच नसतं. प्रसिद्ध माणसावर चरित्रपट लिहिणाऱ्यानं पहिल्यांदा त्याच्या घरात अशी आवली शोधावी. नाही सापडली तर विषय बदलावा.

कागदावर हे राबवायचं कसं, तर कार्डांवर, एका प्रसंगाला एक कार्ड. दोन तासांच्या चित्रपटाला साधारण पन्नास-साठ कार्डं होतात. दर्शनी बाजूला स्थळ, कोणाला काय हवंय, आणि प्रसंग संपताना काय बदललं. मागच्या बाजूला दोनच ओळी: प्रेक्षकाला नवीन काय कळलं, पात्राला नवीन काय कळलं. मग सगळी कार्डं जमिनीवर उलटी मांडायची. सलग सात-आठ कार्डांवर दोघांना एकच गोष्ट एकाच वेळी कळत असेल, तर तिथे चित्रपट सपाट झालाय, कितीही मारामारी असो. दोन्ही ओळी कोऱ्या असतील तर ते कार्ड फाडायचं. सर्वांत जास्त फाडली जातात ती गाण्यानंतरची आणि प्रवासाची. ‘एक पान म्हणजे एक मिनिट’ हा हिशेब मात्र देवनागरीत जसाच्या तसा धरू नये. तो बारा पॉइंटच्या कुरिअर टंकात टाइप केलेल्या इंग्रजी पानाचा आहे. मराठीत फाँट बदलला की पानाची लांबी बदलते. संवाद मोठ्यानं वाचून मोबाइलवर वेळ लावणं हाच खात्रीचा उपाय, आणि कृतीसाठी डोळे मिटून प्रसंग चालवून पाहणं. ‘तो भाकरी खातो’ हे तीन शब्द पडद्यावर पाऊण मिनिट खाऊ शकतात.

‘कोर्ट’ (२०१४) पाहताना वरचे सगळे नियम जरा अवघडतात. कोर्टपटाचं वचन असतं की शेवटी पुरावा बाहेर येईल, कोणीतरी पिंजऱ्यात कोसळेल. इथे पुढची तारीख मिळते. लोकशाहिरावरचा आरोप हास्यास्पद आहे हे आपल्याला पहिल्या सुनावणीतच कळतं, वकिलालाही कळतं, बहुधा सरकारी वकिलीणबाईंनाही. सगळ्यांना माहीत आहे आणि काहीही होत नाही. बाई घरी जाऊन स्वयंपाक करतात, कुटुंबाबरोबर नाटकाला जातात. कॅमेरा हलत नाही. ज्ञानाची दरी शून्य, किंमत एका म्हाताऱ्याचा तुरुंगवास. मला वाटतं ‘कोर्ट’चा लेखक-दिग्दर्शक चैतन्य ताम्हाणेनं माहिती पात्रांत वाटलीच नाही. त्यानं ती सर्वांना दिली आणि मग तिचा उपयोग होत नाही हे दाखवलं. पहिल्याच पटकथेत कोणी हे करू बघेल तर निम्मा वर्ग झोपेल, हेही खरं.

आता या सगळ्याची वाट लावायला मोबाइल आलाय. जुन्या पटकथांतले अर्धे गैरसमज एका फोननं मिटतात, म्हणून लेखक रेंज घालवतात, बॅटरी संपवतात, फोन पाण्यात पाडतात. प्रेक्षकाला ते लगेच कळतं. त्यापेक्षा फोन चालू ठेवलेला बरा. स्टँडवरच्या त्या बाईकडे स्मार्टफोन आहे असं धरा. माणूस येत नाही म्हटल्यावर ती बॅगेचा फोटो काढून गावच्या ग्रुपवर टाकणारच. पाच मिनिटांत दोनशे जणांनी तो पाहिलेला असेल. त्यातल्या एकाला ती बॅग ओळखीची आहे. तो लिहायला लागतो, थांबतो, पुन्हा लिहायला लागतो, आणि मग ग्रुपमधून बाहेर पडतो. तो कोण हे आपल्याला दाखवायचं की फक्त ‘लेफ्ट’ एवढंच, यावर पुढचा चित्रपट कुठल्या प्रकारचा होणार ते ठरेल. मी तूर्त न दाखवण्याच्या बाजूनं आहे, पण तसं केलं तर बाईला पाचची गाडी पकडू देता येणार नाही, आणि तिच्या पहाटेच्या कामाचं कार्ड पुन्हा लिहावं लागेल.